केस कापले की गाडी येते

त्याला सगळी गल्ली वस्तरा म्हणायची. सलूनवाल्याला वस्तरा म्हणण्यात काय मोठंसं, असं कुणाला वाटेल. पण ते नाव हातातल्या हत्यारावरून नव्हे, तोंडातल्या हत्यारावरून पडलेलं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक काही वेडंवाकडं बोललं, की हा फेस पुसून हातात रुमाल द्यायचा आणि म्हणायचा, "जा, ही अक्कल जिथून आणलीस तिथंच उरलेली करून घे." तरी गिऱ्हाइकं यायची, कारण हात सोन्याचा. बसथांब्यासमोर तीन खुर्च्यांचं दुकान, भिंतभर आरसे आणि आरशांवर बोटाचाही डाग नाही. वाकडं काही त्याच्या डोळ्यांना खपायचं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा दोन सूत लांब दिसला, तर हा पायरीवरून त्याला हाक मारायचा, आत बसवायचा, फुकटात सारखं करून द्यायचा आणि वर चार गोष्टी सुनवायचा.

बायको पोस्टात, पार्सलच्या काउंटरवर. बावीस वर्षं लोकांची कटकट वजनकाट्यावर ठेवून शांतपणे शिक्का मारत आलेली बाई. घरात आवाज त्याचा आणि निर्णय तिचा, अशी सरळ वाटणी होती आणि सतरा वर्षं ती व्यवस्थित चालली होती.

त्या सतरा वर्षांत मूल झालं नाही. का झालं नाही, हे विचारणाऱ्यांना तोटा नव्हता. आपण तरी नको विचारायला. दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं. अर्ज झाले, मुलाखती झाल्या, कुणीतरी येऊन घराच्या खोल्या मोजून गेलं, कुणीतरी शेजाऱ्यांना विचारून गेलं की हा माणूस फार चिडका आहे का. शेजाऱ्यांनी खोटं बोलून त्याला वाचवलं. चार वर्षं असं चाललं आणि मग एका सकाळी संस्थेच्या पांढऱ्या गाडीतून आठ वर्षांची मुलगी दारात उतरली. निळा फ्रॉक, काळे बूट, एक पिशवी.

त्याची पहिली नजर गेली ती तिच्या केसांवर. जाणारच. केस कसले, कुणीतरी भोथऱ्या कात्रीनं कुरतडलेलं रान. दोन बोटांपेक्षा लांब एक केस नाही आणि कानामागे तर कातडी दिसत होती. कॉलरवर कापलेल्या केसांचे कण अजून तसेच. म्हणजे आज सकाळीच कापलेत, हे त्यानं ओळखलं, कण झटकले आणि मनातल्या मनात त्या कापणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. वाढू देत जरा, मग मी करतो सरळ, असंही ठरवून टाकलं. एवढा जाणता कारागीर. पण ज्या सकाळी पोरीला गाडीत बसवायचं त्याच सकाळी तिचे केस का कापले असतील, हे विचारावं असं त्याच्या डोक्यात आलं नाही. आजही तो स्वतःला त्याबद्दल बोल लावतो, आणि लावावाच.

पोरीनं तासाभरात त्याला 'बाबा' म्हटलं. झालं! वस्तऱ्याची धार गेली. त्या दिवशी दुकानात जो येईल त्याला त्यानं हे ऐकवलं, एकाला तर दोनदा. पोर होतीही तशीच. ताटात काही टाकायची नाही. ताट स्वतः घासायची. सकाळी अंथरुणाची घडी अशी, की दुकानातून नवीन आणलं असावं. काही मागायचं नाही, कशाला नाही म्हणायचं नाही. तिची ती पोक्त चाल बघून तो तिला बाईसाहेब म्हणायचा. "काय बाईसाहेब, आज काय हुकूम?" तर बाईसाहेब म्हणायच्या, "तुम्ही म्हणाल ते, बाबा."

त्याची थोरली बहीण, अक्का, चार घरं सोडून राहायची. ती येऊन बघून गेली आणि म्हणाली, "लाखात एक पोर आहे हो! नाहीतर आमच्या घरातली कार्टी, नुसती डोक्यावर बसतात." तो फुगला. आपण मूल वाढवायला जन्मजात लायक होतो आणि देवानं उगीच सतरा वर्षं वाया घालवली, असं त्याला वाटायला लागलं.

बायको मात्र पोरीकडे नुसती बघत राहायची. एकदा पोर जिन्यावरून घसरली, गुडघा सोलवटला, रक्त आलं. बायको धावत गेली, तर पोर उभी राहून म्हणाली, "चुकले. परत नाही पडणार."

त्या संध्याकाळी बायको नवऱ्याला म्हणाली, "अहो, मूल इतकं शहाणं नसतं."

"तुला सुखसुद्धा दुखतं," तो म्हणाला.

"पडल्यावर मूल रडतं. माफी नाही मागत."

त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. कौतुक गोड लागत होतं ना!

पाच महिने गेले. केस कानाखाली आले, पण आले कसे? डावीकडे अर्धं बोट लांब, मागे शेपटी आणि कपाळावर एक बट सतत डोळ्यात. रोज जेवताना समोर ते डोकं. त्याचा जीव तळमळायचा. शिवाय संस्थेच्या बाई सहामाही पाहणीला येणार होत्या. त्यांच्या अहवालावर कायमचे कागद व्हायचे होते. आपली लेक त्यांच्यासमोर अशी दिसणार? सलूनवाल्याची लेक?

मंगळवारी दुकान बंद असतं. त्या मंगळवारी शाळा सुटल्यावर तो तिला दुकानात घेऊन गेला. फक्त तिच्यासाठी शटर उघडलं. खुर्चीच्या हातांवर फळी टाकली, तिला वर बसवलं, नवंकोरं कापड गळ्याभोवती बांधलं. माणूस दुसऱ्याला देऊन देऊन काय देणार? आपल्या हातात जे सगळ्यात चांगलं असेल तेच. त्यानं पाऊण तास लावला. असा हात त्यानं कुणा श्रीमंताच्याही डोक्याला लावला नव्हता. पोर हललीसुद्धा नाही. मान वाकव म्हटलं की वाकवायची, डोळे मीट म्हटलं की मिटायची. शेवटी त्यानं मागे आरसा धरला. "बघा बाईसाहेब! आता कशा दिसताय?"

"छान," ती म्हणाली. "थँक्यू, बाबा."

घरी आल्यावर तो चहा टाकायला गेला. चहा गाळून बाहेर येतो तर पोर दाराजवळच्या स्टुलावर बसलेली. अंगात तो निळा फ्रॉक, आता आखूड झालेला. पायात बूट. मांडीवर पिशवी. पलीकडे तिच्या पलंगावर पाच महिन्यांत आणलेलं सगळं मांडून ठेवलेलं, रंगीत पेन्सिली लांबीनुसार, गोष्टीची पुस्तकं, नवे कपडे घडी करून, वर कापडी ससा.

"हे काय गं?"

"गाडी किती वाजता येणार?"

"कसली गाडी?"

"केस कापले की गाडी येते ना." आज शाळेत गणित झालं, असं सांगावं तशी ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "बाबा, माझं काय चुकलं ते सांगाल का? म्हणजे तिकडे गेल्यावर मी ते करणार नाही."

त्याच्या हातातला कप खाली पडला नाही. त्यानं तो नीट टेबलावर ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

बायको कामावरून आली तेव्हा पोर स्टुलावरच होती आणि हा तिच्यासमोर जमिनीवर बसून पन्नासाव्यांदा सांगत होता, की गाडीबिडी काही येणार नाही, तू इथंच राहणार, वचन देतो.

"मागच्या बाबांनी पण दिलं होतं," पोर म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे हो, माहिती म्हणून.

मागचे बाबा? कुठले मागचे बाबा?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून तो संस्थेत गेला. ऑफिसात पोलादी कपाट, त्यात नाडीनं बांधलेल्या फायली, भिंतीवर हसऱ्या बाळाचं मोठं चित्र आणि चित्राखाली संस्थेच्या बाई. गोड बोलणाऱ्या. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, फाइल काढली आणि हो, आहे खरं, म्हणाल्या.

होतं सगळं. तिसऱ्या वर्षी एका घरात दिली. त्या घरात स्वतःचं मूल झालं आणि हिला परत आणून सोडलं. सहाव्या वर्षी दुसऱ्या घरात दिली. अकरा महिन्यांनी परत. कारण काय लिहिलंय? 'मुलगी भावनिक प्रतिसाद देत नाही.' घ्या! सहा वर्षांच्या पोरीनं काय करायला हवं होतं, भाषण? संस्थेतून घरी जाताना उवा नकोत म्हणून केस कापायचे. घरून परत आलं की पुन्हा उवा नकोत म्हणून केस कापायचे. याच्या घरी येतानाचे धरून पाच वेळा. त्याआधीचं एक पान बाईंनी वाचलंच नाही, नुसतं उलटलं.

"आणि हे आम्हाला सांगावंसं वाटलं नाही?"

"हे बघा, जुन्या गोष्टी आम्ही सांगत नाही. पालकांच्या मनात आधीच अढी बसते. शिवाय मुलं लहान असतात, विसरतात."

"विसरतात? बाई, ती पोर बूट घालून दारात बसलीय!"

"असं होतं सुरुवातीला." बाईंनी फाइल मिटली आणि आवाज आणखी मऊ केला. "कागद अजून पक्के झालेले नाहीत. जड जात असेल तर मोकळेपणानं सांगा. मागे घेता येतं. दुसरी एक लहान मुलगी आहे, तिला मागचं काही आठवतही नसेल."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी चप्पल घेऊन आलोय का, मापाची नाही म्हणून बदलायला? जिवंत पोरीचं बोलतोय मी! दोन घरांनी परत दिली, तुम्ही निमूट परत घेतलीत, दर वेळी डोकं भादरलंत आणि वर लिहून ठेवलंत, पोरगीच प्रतिसाद देत नाही! पंचवीस वर्षं कात्री चालवतोय मी, पण केसानं गळा कापतात तो असा, हे आज बघितलं!"

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी थांबून ऐकायला लागलं. बाई म्हणाल्या, आवाज खाली ठेवा, मुलं घाबरतील. म्हणजे बघा! मुलांनी कशाला घाबरायचं, तर याच्या आवाजाला.

घरी येईपर्यंत राग उतरला नाही, पण बसमध्ये बसल्याबसल्या तो वळून स्वतःवर आला. आपण काय वेगळं केलं? पोर घाबरून शहाणी वागत होती आणि आपण कॉलर ताठ करून गल्लीभर मिरवत होतो. 'बाबा' म्हणाली म्हणून विरघळलो. ते बिचारीनं आधी दोघांना म्हणून बघितलं होतं. आणि कात्री घेताना तिला एका शब्दानं विचारलं? गल्लीतल्या टग्यांना विचारतो, 'बारीक करू का मध्यम?' पोटची म्हणवतो त्या लेकीला नाही विचारलं.

बायकोला त्यानं सगळं सांगितलं. ती भिंतीला पाठ टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता तिला समजावत बसू नका."

"मग काय करू? ती बसलीय ना दारात!"

"तिला समजतंय हो. विश्वास बसत नाहीये. आणि विश्वास काही समजावून बसत नाही." तिनं आठ दिवसांची रजा टाकली. पोर शाळेतून आली की बूट न काढता स्टुलावर बसायची, मांडीवर पिशवी. बायको तिच्याजवळ जमिनीवर बसायची. तिथंच जेवण, तिथंच अभ्यास, तिथंच भाजी निवडणं. गाडीचा विषय नाही, वचन नाही, शपथ नाही. दारावरून जाणारे लोक डोकावून बघायचे. बघेनात का!

बाराव्या दिवशी पोरीचा बांध फुटला. काही कारण नव्हतं. दूध गरम होतं एवढंच. तिनं काचेचा पेला भिंतीवर मारला. बायकोनं काच उचलायला हात घातला, तर त्या हाताला चावली. मग रोजच सुरू झालं. किंचाळायची, वह्या फाडायची, जेवण ताटासकट ढकलून द्यायची. आणि एका दुपारी दुकानात येऊन, त्याची सगळ्यात चांगली कात्री, जिला तो कुणाला शिवू द्यायचा नाही, ती उचलून त्याच्या डोळ्यांत बघत समोरच्या गटारात टाकली.

खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं. त्याचा तोल गेला. "हेच करायचं असेल तर..." तो ओरडला, आणि पुढचे शब्द जिभेवर आले तसे त्यानं दातांनी अडवले.

"तर काय?" पोर म्हणाली. "पाठवा ना. पाठवा!"

तो बाहेर गेला, बाही वर केली, गटारात कोपरापर्यंत हात घातला आणि कात्री शोधत राहिला. कात्रीपेक्षा तोंड फिरवायला जागा हवी होती. पोर पायरीवर उभी राहून बघत होती. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "कात्री गेली तर नवी येईल. तुला नाही पाठवणार." ती त्या दिवशी शटर पडेपर्यंत दुकानातच थांबली.

अक्काला हे कळायला वेळ लागला नाही. ती आली आणि पदर खोचून सुरूच झाली. "तरी मी म्हणत होते! लाडानं बिघडवलीत. इतकी सोन्यासारखी होती. शेवटी रक्त ते रक्तच."

"अक्का, तुझा धाकटा तेरा वर्षांचा होता तेव्हा त्यानं तुझ्या कपाटाला आग लावली होती. ते कुणाचं रक्त होतं?"

अक्का खोचलेला पदर सोडून निघाली. पण ती काही वाईट बाई नव्हती. जाता जाता दारात थांबून तिनं कामाचं बोललं. "परवा संस्थेच्या बाई येणार ना? त्यांच्यापुढे हे असलं झालं आणि त्यांनी लिहिलं, की हे घर योग्य नाही, तर घेऊन जातील तिला. तेवढा एक दिवस तिला शहाण्यासारखं बस म्हणावं. मग तुमचे कागद झाले की नाचू दे हवं तेवढं."

हे मात्र त्याच्या मनाला लागलं. खरंच नेलं तर? त्यानं बायकोला विचारलं, "एकच दिवस. सांगून बघू?"

"काय सांगणार? शहाणी राहिलीस तर ठेवू, नाहीतर त्या बाई घेऊन जातील?" बायको म्हणाली. "मग त्या संस्थेत आणि आपल्यात फरक काय राहिला?"

त्यानं सांगितलं नाही. पण रात्रंदिवस त्याच्या छातीवर एकच धोंडा: नेली तर?

बाईंची गाडी चार वाजता आली. पांढरी, तीच. हॉर्न ऐकताच पोर उठली. चेहऱ्यावर काही नाही. कुठे किंचाळणं, कुठे चावणं! निळा फ्रॉक घालून, पिशवी खांद्याला लावून ती दारात उभी राहिली. बाई आत आल्या आणि त्यांना भरून आलं. "अगं बाई, किती शहाणी! किती शिस्तीची! आणि केससुद्धा किती छान कापलेत!" त्यांनी बसून कागद काढला आणि खुणा करायला सुरुवात केली. आहार, बरोबर. शाळा, बरोबर. वागणूक, उत्तम. अडीच मिनिटांत उत्तम!

पोर पुढे गेली. "मी तयार आहे," ती बाईंना म्हणाली. "गाडीत पुढे बसू का मागे?"

बाई हसल्या. "गंमत करते का ही?"

हसल्या हो त्या! आता गप्प बसलं असतं तर कागद पक्के होते. सगळं उत्तम लिहिलं जात होतं. वस्तऱ्यानं एकदा बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली.

"ती गंमत नाही बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला तो चढलाच. "शिस्त पण नाही ती. भीती आहे! ही पोर तुम्हाला बघून गेल्या पंधरा दिवसांतलं सगळं पोटात गिळून उभी आहे. खोडा ते उत्तम. लिहा, की ती चावते. पेला भिंतीवर मारते, माझी कात्री गटारात टाकली. किंचाळते तर बसथांब्यापर्यंत ऐकू येतं. सहा महिन्यांत तिनं आमच्या घरात खरं केलं असेल तर ते एवढंच, आणि तेच तुमच्या कागदात नाही!"

बाईंचं पेन थांबलं. "हे लिहिलं तर कागद लांबतील. आणखी सहा महिने पाहणी. वरचे लोक काय म्हणतील, मी सांगू शकत नाही. विचार करा."

"विचार झालाय," बायको म्हणाली. ती उठली, बाईंच्या पुढ्यातला कागद तिनं शांतपणे स्वतःकडे ओढला, आणि शेऱ्याच्या रकान्यात पोस्टातल्या गोल अक्षरात लिहिलं. लिहिता लिहिता पोरीला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचत गेली. "मुलीला राग येतो. यायलाच हवा. तिला दोनदा परत पाठवलं, हे आम्हाला सांगितलं गेलं नाही. आम्ही तिला परत देणार नाही, ती कशीही वागली तरी. तिच्या फायलीची पूर्ण प्रत आम्हाला मिळावी." खाली सही, तारीख, वेळ. मग कागद उलटा करून बाईंसमोर सरकवला. "याची एक प्रत मला सही करून द्या. पोच लागते."

"पोच?"

"पोच. त्याशिवाय मी काही हातातून सोडत नाही."

बाईंनी पोच दिली. मग त्या उठल्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेल्या, पोरीनं डोकं मागे घेतलं, आणि बाई निघाल्या.

पोर त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेली. गाडीचं दार उघडलं, बाई बसल्या, दार लागलं. गाडी सुरू झाली, मागे घेतली, वळली, कोपऱ्यावर दिव्याच्या खांबापाशी दिसली आणि मग दिसेनाशी झाली. पोर फाटकाला धरून रस्त्याकडे बघत उभी. तिच्या मागे हा, त्याच्या मागे बायको.

मग ती गर्रकन वळली.

"माझे केस का कापले?"

तो गडबडला. "अगं, ते..."

"मला विचारलं होतं? विचारलं होतं का? मला ते आवडत होते! ते माझे होते! ती बट मी कानामागे घालायचे, तू ती कापलीस! मला विचारलंसुद्धा नाहीस!" पिशवी तिनं त्याच्या अंगावर मारली, मग मुठींनी त्याच्या पोटावर मारायला लागली, जोरात, मिळेल तिथं, आणि रडायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, नाक गळेपर्यंत. समोरच्या खिडक्या उघडल्या. अक्का चार घरांवरून धावत आली आणि तिथंच थबकली.

तो गुडघ्यांवर बसला, म्हणजे तिला त्याची छाती पुरती सापडावी. "चुकलं माझं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. चुकलं."

"परत कधी येणार ते?"

"महिन्याला अर्धं बोट वाढतात. होते तेवढे व्हायला पाच महिने."

ती हुंदके देत हिशेब करत राहिली. "पाच महिने मी इथंच असणार?"

"इथंच."

"आणि मग? मग परत कापणार?"

"तू म्हणशील तेव्हा. नाही म्हणालीस तर नाही."

"मी नाहीच म्हणणार!"

"बरं, नाही तर नाही."

"कधीच नाही म्हणणार!"

"मग कमरेपर्यंत येतील," तो म्हणाला. "त्याला पुष्कळ वर्षं लागतात."

"लागू देत!" ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी त्याच्या तोंडावर ओरडली, आणि त्याचा शर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरून रडत राहिली.